स्नोब्लोअर आणि पिकअप ट्रक ऐन हिवाळ्यात अडू नयेत म्हणून काय करावं

बफेलो, डेट्रॉइट, मिनियापोलिस, टोरांटो या पट्ट्यातल्या मराठी घरांतून डिसेंबर लागला की ठरलेली तक्रार ऐकू येते. रात्रीतून फूटभर बर्फ पडलेला असतो, सकाळी कामावर निघायचं असतं आणि बर्फ उडवून वाट मोकळी करणारं हजार-दीड हजार डॉलरचं मशिन, म्हणजे स्नोब्लोअर, दोर ओढून ओढून खांदा भरून आला तरी सुरू होत नाही. शेजारच्या घरी पन्नास हजारांचा पिकअप त्याच बिघाडासाठी तिसऱ्यांदा डीलरकडे गेलेला असतो. मग "पूर्वीची मशिनं टिकायची, आताचा सगळा माल असलाच" असं म्हणून लोक हात टेकतात.

या रागात तथ्य आहे, पण तो सरसकट काढून उपयोग नाही. स्नोब्लोअर सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण टाकीतलं शिळं पेट्रोल असतं. ट्रकच्या बाबतीत मात्र, मालकाने जिवापाड जपूनही इंजिन बसलं, अशी खरीखुरी उदाहरणं गेल्या काही वर्षांत झाली आहेत. म्हणून दोष कुणाचा हे आधी वेगळं काढायचं. आपल्या हातातलं आपण वेळेवर उरकायचं आणि कंपनीचं आहे ते कागदासकट कंपनीच्या पदरात घालायचं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. दिवाळीच्या आसपास स्नोब्लोअरचं पेट्रोल बदला

अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. गाडीची टाकी आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामी होते, त्यामुळे तिथे हे जाणवत नाही. स्नोब्लोअरमध्ये मात्र मार्चमध्ये भरलेलं पेट्रोल नोव्हेंबरपर्यंत पडून राहतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा चिकट पिवळसर थर बसतो, आणि तो बसतो नेमका कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, सगळ्यात बारीक भोकात.

जुनं पेट्रोल हातपंपाने काढा. ते गटारात किंवा अंगणात ओतू नका. गावाच्या किंवा काउंटीच्या घातक कचरा केंद्रात ते घेतात. मग ताजं भरा, आणि इथेनॉल नसलेलं जवळपास मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच भरा. १५ टक्के इथेनॉलचा नळ स्वस्त दिसला तरी त्याला हात लावू नका, छोट्या इंजिनांसाठी ते चालत नाही. स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं रसायन, घालायचा तो कॅन भरल्या दिवशीच, कारण शिळं झालेलं पेट्रोल त्याने पुन्हा ताजं होत नाही. तो घातल्यावर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पोचेल. कॅनवर तारीख लिहा आणि स्टॅबिलायझर नसेल तर महिन्याच्या आत वापरून टाका.

ऑईलही आताच बदला. बहुतेक चार-स्ट्रोक स्नोब्लोअरना थंडीत ५डब्ल्यू-३० चालतं, तरी मशिनची पुस्तिका एकदा बघून घ्या.

२. सुरू होत नसेल तर या क्रमाने शोधा

आधी साध्या गोष्टी बघा. सेफ्टी की पूर्ण आत बसली आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, चोक लावला आहे का, प्रायमर, म्हणजे आधी थोडं पेट्रोल आत ढकलणारं रबरी बटण, दाबलं का. घाईच्या सकाळी यातलंच काहीतरी राहतं.

हे सगळं ठीक असेल आणि मशिन चोक लावल्यावर चालत असेल, पण चोक काढला की बंद पडत असेल, किंवा आवाज सारखा वर-खाली होत असेल, तर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तुंबलाय असं समजायला हरकत नाही. दुकानात नेलंत तर पहिल्या बर्फानंतर रांग लागलेली असते. हे काम घरी होतं. पुण्यात किंवा नागपुरात ज्यांनी जुनी स्कूटर सांभाळली आहे त्यांना तर ते ओळखीचंच वाटेल.

गराजच्या बाहेर, इंजिन थंड असताना बसा. कॉक बंद करा, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटी वाटी असते, ती बऱ्याच इंजिनांत एकाच बोल्टवर टांगलेली असते. खाली पसरट भांडं धरून तो बोल्ट सोडा. भांड्यात पडलेल्या पेट्रोलकडे नीट बघा. तळाशी वेगळे, गोलसर थेंब इकडून तिकडे सरकताना दिसले तर ते पाणी आहे, आणि मशिन का रुसलं होतं ते तिथेच कळतं. वाटीच्या वर मधोमध पितळी जेट असतो. काही इंजिनांत त्या बोल्टलाच बारीक भोकं असतात. जेट उजेडासमोर धरा. स्वच्छ असेल तर आरपार गोल ठिपका दिसतो, तुंबला असेल तर काहीच दिसत नाही किंवा वेडावाकडा कवडसा दिसतो. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार त्यातून अलगद फिरवा. पोलादी तार किंवा ड्रिल घालू नका, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिऊ लागतं. मग कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण फवारा दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो. वाटीचा रबरी गॅस्केट जिथल्या तिथे बसवा आणि कॉक उघडून गळती नाही ना ते बघा.

एवढं करूनही जमलं नाही तर कार्बोरेटर नवा घ्या. बऱ्याच मॉडेलना नवा कार्बोरेटर दुकानातल्या मजुरीपेक्षा स्वस्त पडतो.

३. तुटलेल्या शिअर पिनवर रागावू नका

मोठ्या, दोन टप्प्यांच्या स्नोब्लोअरमध्ये पुढचं फिरतं पातं, म्हणजे ऑगर, शाफ्टला शिअर पिननी जोडलेलं असतं. आत दगड, गोठलेलं वर्तमानपत्र किंवा नांगरगाडीने ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटलेला बर्फाचा गोळा अडकला की पिन तुटतो आणि मागचा गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजचं काम तो करतो. वैतागून तिथे हार्डवेअरच्या दुकानातला कडक बोल्ट ठोकणारे लोक आहेत. पुढच्या दगडाला मग गिअरबॉक्सच जातो आणि त्या खर्चात मशिन बदलावंसं वाटतं. कंपनीने सांगितलेल्या मापाचे दोन-चार पिन हँडललाच टेपने चिकटवून ठेवा.

याच्या पुढची गोष्ट फार थोडे लोक करतात. वर्षातून एकदा पिन काढून शाफ्टवर ग्रीस घाला आणि ऑगर शाफ्टवर मोकळा फिरतोय ना ते हाताने बघा. गंजाने तो शाफ्टला जाम झाला असेल तर पिन असून नसल्यासारखाच. मग धक्का सरळ गिअरबॉक्सला बसतो.

दोन्ही बाजूंचे स्किड शू, म्हणजे मशिनचं तोंड जमिनीपासून वर धरणारे तुकडे, घासून पातळ झाले असतील तर उलटे करून लावा किंवा बदला. खडीचा ड्राइव्हवे असेल तर ते खाली घेऊन मशिन इंचभर उचललेलं ठेवा. खडीवर एक टप्प्याचा रबरी पात्याचा स्नोब्लोअर वापरूच नये, तो दगड उडवतो. बेल्टला भेगा दिसल्या तर आताच बदला. मशिनचा आवाज नेहमीसारखा असूनही चाकं फिरत नसतील तर ड्राइव्हचा बेल्ट किंवा आतली रबरी फ्रिक्शन डिस्क झिजलेली असते.

४. च्यूटमध्ये हात घालू नका

ओला बर्फ च्यूटमध्ये, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात, अडकतो आणि माणूस सवयीने हात घालतो. इंजिन बंद केल्यावरही आतल्या पात्यावर ताण शिल्लक असू शकतो आणि बर्फ सुटला की ते झटक्यात फिरतं. त्यात बोटं जातात. इंजिन बंद करा, पाती पूर्ण थांबू द्या आणि मशिनवर दिलेल्या फावड्यानेच किंवा काठीने बर्फ काढा. च्यूटला आतून सिलिकॉनचा फवारा मारला तर अडकणं बरंच कमी होतं. आणि दार उघडं असलं तरी गराजमध्ये इंजिन चालवत ठेवू नका. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

५. ट्रकची बॅटरी आणि पोट तपासा

उणे १८ अंश सेल्सिअसला चांगल्या बॅटरीचीही ताकद निम्म्याहून अधिक उतरते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑईल फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. बॅटरी तीन वर्षांपुढची असेल तर थंडीआधी तपासून घ्या, पार्ट्सच्या बऱ्याच दुकानांत फुकट करून देतात. कडक थंडीच्या भागात ब्लॉक हीटरसारखा, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणाऱ्या हीटरसारखा, दुसरा उपाय नाही.

ट्रकचा खरा शत्रू रस्त्यावरचं मीठ आहे. ब्रेकच्या पोलादी नळ्या आतून नाही, बाहेरून सडतात, आणि तेही जिथे नजर जात नाही तिथे. जनरल मोटर्सच्या जुन्या ट्रकच्या अशाच तक्रारींची चौकशी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, २०१५ मध्ये बंद केली आणि मालकांना गाडीचं पोट धूत चला, नळ्या तपासून घ्या, असा सल्ला दिला. सांगाड्याच्या गंजाचं प्रकरण वेगळं. टॅकोमा, टुंड्रा आणि सेकोया या आपल्या गाड्यांच्या मालकांशी टोयोटाने २०१६ मध्ये ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड केली.

म्हणून तापमान शून्याच्या वर गेलं की खालून पाणी मारणाऱ्या वॉशमध्ये गाडी घालून आणा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गाडी कोरडी असताना खालून तेलाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणासारख्या पदार्थाचा) थर मारून घ्या आणि दर वर्षी मारा. काळा रबरी थर मी सुचवणार नाही. त्याला भेग पडली की ओल आत अडकते आणि वरून सगळं छान दिसत असताना खाली लोखंड खात राहते.

६. रिकॉल शोधा

एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही८ इंजिनाच्या सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या दोष तपासून दुरुस्त करायला परत बोलावल्या, यालाच रिकॉल म्हणतात. त्यात २०२१ ते २०२४ मधले सिल्व्हराडो आणि सिएरा पिकअपही होते. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्येच दोष होता. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना अधिक घट्ट, ०डब्ल्यू-४० ऑईल घालून देण्याचं ठरलं. मे २०२४ मध्ये टोयोटाने २०२२-२३ च्या टुंड्रासह सुमारे १ लाख २ हजार गाड्यांचा रिकॉल काढला, कारण कारखान्यातली धातूची कणी इंजिनात राहिली होती. यात मालकाची काहीच चूक नाही. किती वेळा ऑईल बदललं असतं तरी ती कणी गेली नसती. विश्वासाने एवढे पैसे मोजलेल्या माणसाला हे चीड आणणारं आहे आणि ती चीड रास्त आहे.

विंडशिल्डच्या खाली, चालकाच्या बाजूला १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, असतो. तो एनएचटीएसएच्या साइटवर टाका. कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडाची अशीच सोय आहे. वर्षातून दोनदा बघा. सुरक्षेच्या रिकॉलची दुरुस्ती फुकट असते, गाडी जुनी म्हणून दुसऱ्याकडून घेतली असली तरी. तिथेच आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस बुलेटिनही वाचा. कंपनीने डीलरांना "हा बिघाड येतो, असा दुरुस्त करा" म्हणून पाठवलेली ती पत्रं असतात. ती दुरुस्ती वॉरंटी असेपर्यंतच फुकट, पण डीलर "असा बिघाड पहिल्यांदाच बघतोय" म्हणाला तर बुलेटिनचा क्रमांक पुढे ठेवता येतो.

७. प्रत्येक खेपेचा कागद घ्या

लोक इथेच हरतात. ट्रक दिला, दोन दिवसांनी "दोष आढळला नाही" म्हणून परत आला आणि कागद कुणी मागितलाच नाही, असं होऊ देऊ नका. काम झालं नसलं तरी रिपेअर ऑर्डर हवी. त्यावर गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची तारीख, मैल आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली हवी. "आवाज येतो" एवढंच लिहू देऊ नका. "थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली पाच सेकंदं डाव्या बाजूने टकटक" असं लिहवून घ्या. बिघाड फक्त थंड इंजिनात होत असेल तर ट्रक आदल्या संध्याकाळीच तिथे सोडा आणि सकाळी मेकॅनिकनेच तो सुरू करावा असं सांगा. मोबाइलवरच्या व्हिडिओत डॅशबोर्डवरचे मैल आणि तापमान दिसू द्या.

हा गठ्ठा पुढे लेमन लॉसाठी, म्हणजे पुन्हापुन्हा बिघडणाऱ्या गाडीबद्दल कंपनीकडून भरपाई मिळवून देणाऱ्या कायद्यासाठी, लागतो. पहिला असा कायदा कनेटिकट राज्याने १९८२ मध्ये केला, आता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात आहे. तपशील वेगवेगळे, पण बहुतेक ठिकाणी एकाच बिघाडासाठी किती वेळा प्रयत्न झाले आणि गाडी एकूण किती दिवस गॅरेजमध्ये होती, हे मोजतात. ३० दिवसांची अट बऱ्याच राज्यांत आहे. डीलरला तोंडी सांगणं पुरत नाही, कंपनीला लेखी कळवा आणि पोच मिळेल अशा डाकेने पाठवा. कॅनडात अशा तक्रारींसाठी कॅमव्हॅप ही लवादाची योजना आहे.

"ऑईल बाहेर बदललं म्हणून वॉरंटी गेली" असं कुणी म्हटलं तर वॉरंटीबद्दलच्या अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचं नाव घ्या. निव्वळ तेवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. फक्त ऑईल आणि फिल्टरच्या पावत्या जपून ठेवा.

स्नोब्लोअरच्या वॉरंटीत एक मेख असते. शिळ्या पेट्रोलाने झालेला बिघाड तीत सहसा बसत नाही, आणि पैसे घेऊन शेजाऱ्यांचे ड्राइव्हवे साफ केले तर मुदत बरीच कमी होते. मशिन घ्यायचं असेल तर ते दुरुस्तही करून देणाऱ्या स्थानिक दुकानातून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या साखळी दुकानात थोडे डॉलर वाचतात, पण जानेवारीत मशिन अडलं की दाद कुणाकडे मागायची हेच कळत नाही.

८. मार्चमध्ये मशिन नीट बंद करा

टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं उरलेलं पेट्रोलही सोडा. काही जण स्टॅबिलायझर घालून टाकी भरून ठेवतात. तेही चालतं, पण सहा-सात महिन्यांसाठी मला रिकामी टाकीच खात्रीची वाटते. बेल्ट, पिन आणि स्किड शूचे पार्ट नंबर गराजच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि लागतील ते जुलैमध्येच मागवा. नोव्हेंबरात सगळ्यांना एकदम आठवण येते आणि नेमका आपल्या मापाचा बेल्ट संपलेला असतो.