शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना या चुका टाळा

'सर, पैसे आलेच नाहीत.' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, आधार सीडिंग, म्हणजे आधार क्रमांकाची खात्याशी जोडणी, कुठल्या बँकेत आहे? महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या दहातल्या आठ पोरांना हा प्रश्नच कळत नाही. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. तसं नाही. पैसे आधारवर येतात, म्हणजे शेवटचं सीडिंग ज्या खात्याला झालंय तिथे जातात.

माझी एक विद्यार्थिनी, बी.एस्सी.च्या वर्गात पहिली. अर्ज मंजूर, पोर्टलवर रक्कम जमा, हातात मात्र काही नाही. मेसचे पैसे थकले तेव्हा 'शिक्षण सोडून घरी जाते' म्हणाली. आधारच्या संकेतस्थळावर पाहिलं तर भलत्याच बँकेचं नाव. शाळेत असताना गावाकडे काढलेलं खातं, ती पार विसरलेली. पासबुक हरवलेलं, व्यवहार नसल्याने खातं बंद पडलेलं. वडिलांची मजुरी बुडवून बँकेत तीन खेटे घातले तेव्हा पैसे सुटले. त्या दिवसापासून, बँकेचं नाव पडद्यावर दिसल्याशिवाय मी अर्जाचं पहिलं पानही उघडू देत नाही.

दुसरी चूक, सगळं सायबर कॅफेवाल्यावर सोपवणं. पासवर्ड त्याच्याकडे, मोबाइल नंबरही त्याचाच. अर्ज त्रुटीसाठी परत आला की मेसेज त्याला जातो आणि तुमची मुदत निघून जाते. 'पाच मिनिटांत होतं सर' म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. वर्षाच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, दोन तास बसा, स्वतः भरा. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा; माझी पोरं तिथेच लिहितात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा आणि चालू वर्षाचा हवा. अनुसूचित जातीसाठी मर्यादा अडीच लाख. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर गप्प बसू नका, फ्रीशिपचा, म्हणजे फीमाफीचा, अर्ज करा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती विसरा, म्हणून कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाची फेरी सोडू नका. जात वैधता प्रमाणपत्राची फाइल अकरावीतच जात पडताळणी समितीकडे द्या. आणि दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे जात नाही, नूतनीकरण करावं लागतं.