एक्स-झीरोने शिकवलेलं

फायनल इयरला आम्ही चौघांनी रिस्क-फाइव्ह या इन्स्ट्रक्शन सेटचा (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच) पाच स्टेजचा छोटा कोअर, म्हणजे प्रोसेसरचा गाभा, व्हेरिलॉग या हार्डवेअर लिहायच्या भाषेत लिहायला घेतला. ३२ रजिस्टर्स (प्रोसेसरच्या आतल्या आकडे ठेवायच्या जागा), त्यातलं पहिलं, एक्स-झीरो, कायमचं शून्य. मला ते चक्क वाया गेलेलं रजिस्टर वाटायचं आणि त्यावरून मी मित्रांशी वाद घालायचो.

मग असेम्ब्लरने (लिहिलेल्या आज्ञा मशीन कोडमध्ये बदलणारा प्रोग्राम) काढलेला कोड ओळीओळीने वाचला. छोटी संख्या भरायची? ती एक्स-झीरोत मिळवून उत्तर हव्या त्या रजिस्टरमध्ये ठेवा. चिन्ह उलटायचं? एक्स-झीरोतून वजा करा. साधी जंप म्हणजे परतीचा पत्ता एक्स-झीरोत टाकून देणारी 'जंप अँड लिंक'च. यातल्या कशालाच वेगळा ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचा सांकेतिक क्रमांक) लागत नाही. वाद तिथेच मिटला.

खरा धडा पुढे होता. रजिस्टर फाइलमध्ये, म्हणजे सगळी रजिस्टर्स असतात त्या भागात, एक्स-झीरोवर लिहिणं आम्ही बंद केलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण एका टेस्टमध्ये १ यायच्या जागी ६९ येत होते. दोन रात्री वेव्हफॉर्म (सिग्नल्सचे आलेख) बघत बसलो. जंप होती ६४ या पत्त्यावर, म्हणजे परतीचा पत्ता ६८. तो रजिस्टर फाइलमध्ये गेलाच नव्हता. फॉरवर्डिंगने (उत्तर रजिस्टर फाइलमध्ये पोचायच्या आधीच पुढच्या इन्स्ट्रक्शनला देणारी सोय) तो वाटेतच उचलून पुढच्या इन्स्ट्रक्शनला एक्स-झीरो म्हणून दिला होता. ६८ अधिक १! फॉरवर्डिंगच्या अटीत 'डेस्टिनेशन (उत्तर जिथे जायचं ते रजिस्टर) एक्स-झीरो नसेल तरच' हे घालायचं राहिलं होतं.

इंटरव्ह्यूत 'झीरो रजिस्टर असावं का?' असं विचारलं, तर नुसतं हो-नाही म्हणू नका. मिप्स, स्पार्क, अल्फा या प्रोसेसरांत ते आहे. ३२ बिटांच्या आर्मकडे १६च रजिस्टर्स, तिथे नाही. ६४ बिटांच्या आर्ममध्ये ३१ हा क्रमांक इन्स्ट्रक्शननुसार कधी शून्य, कधी स्टॅक पॉइंटर (मेमरीतल्या स्टॅकचा माथा कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर). मला ही तडजोड फार आवडते. एक्स८६मध्ये (इंटेल, एएमडीचे प्रोसेसर) रजिस्टर स्वतःशीच एक्सॉर (सारख्या बिटांचं शून्य करणारी क्रिया) करून शून्य काढतात. ३२ रजिस्टर्स असतील तर मी शून्य नक्की ठेवेन. १६ असतील तर एकेक रजिस्टर मोलाचं, तिथे आधी कंपायलरवाल्यांशी बोलेन.

तुम्ही कोअर लिहीत असाल तर पहिल्याच दिवशी ही टेस्ट लिहा: एक्स-झीरोत मुद्दाम काहीतरी लिहा आणि लगेच पुढच्या, मग एक सोडून, मग दोन सोडून येणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये ते वाचा. एक्स-झीरोत लोड करूनही बघा. उत्तर फेकायचं असलं तरी पत्ता चुकीचा असेल तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) यायलाच हवं.