हॅम रेडिओचं लायसन नागपुरातून काढायचं तर फी किती, कुठे भरायची आणि त्याच्या आधी काय करायचं

परवा माझा भाचा आला होता, बारावीत आहे, आणि आल्या आल्या मोबाईल दाखवून म्हणे मामा हा वॉकीटॉकी सेट मागवू का, सेलमध्ये आहे, लायसन नंतर काढू. मी म्हटलं थांब बाबू, आधी बस इथं. कारण नेमकी हीच चूक मी नागपुरातल्या किती तरी पोरांना करताना पाहून राहिलो. सेट आधी, कागद नंतर. आणि मग सेट कपाटात पडून राहतो, नाहीतर पोरगा विनापरवाना बोलायला लागतो, जो सरळ सरळ गुन्हा आहे. त्याला जे समजावलं तेच इथं लिहून ठेवतोय, म्हणजे अजून कोणाच्या कामी येईल.

हॅम रेडिओ म्हणजे धंद्यासाठी नाही, तर हौसेखातर स्वतःच्या सेटवरून हवेत बोलायचा रेडिओ. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की कागद दोन आहेत आणि पैसेही दोनदा भरायचे आहेत. पहिला कागद म्हणजे ऑपरेटरचं सर्टिफिकेट, त्याला एएसओसी म्हणतात, ते तुमचं स्वतःचं असतं, म्हणजे या माणसाला रेडिओ चालवता येतो असं सरकार म्हणतं. दुसरा कागद म्हणजे स्टेशनचं लायसन, त्यावर तुमचा कॉलसाईन, म्हणजे हवेत तुमची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे, असतो आणि स्टेशनचा पत्ता असतो. परीक्षा पास झालो, सर्टिफिकेट हातात आलं, म्हणजे झालं असं समजून लोक माईक उचलतात, पण नाही, कॉलसाईन मिळाल्याशिवाय एक शब्दही हवेत सोडायचा नाही. ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली पण गाडीचं रजिस्ट्रेशनच नाही, तसं आहे हे.

हे दोन्ही कागद देतं कोण? तर केंद्राच्या दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी विंग, जो १९५२ पासून देशातल्या रेडिओ लहरींचं वाटप बघतो. महापालिका नाही, कलेक्टर ऑफिस नाही, पोलीस स्टेशन नाही. मला एकाने विचारलं होतं की सेतू केंद्रात फॉर्म मिळतो का. नाही मिळत. सगळं काम सरल संचार नावाच्या पोर्टलवरून होतं आणि ते घरबसल्या होतं, त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही.

आता फी, ज्यासाठी तुम्ही हे वाचायला आले. हौशी रेडिओचे जे १९७८ चे नियम आहेत, वेळोवेळी बदल झालेले, त्यात लायसनसाठी दोन पर्याय आहेत. २० वर्षांचं लायसन १००० रुपये, आणि आयुष्यभराचं २००० रुपये. परीक्षेची फी वेगळी, ती लायसनच्या मानाने किरकोळ आहे, अर्ज करताना पोर्टल जो आकडा दाखवतं तोच भरायचा, त्याच्या वर एक रुपया नाही. हे मी जोर देऊन सांगून राहिलो कारण आमच्या ओळखीतल्या एका पोराकडून एका माणसाने "सगळं करून देतो" म्हणून सहा हजार घेतले आणि फॉर्म तर त्या पोराच्याच मोबाईलवरून भरला. बापाने ओव्हरटाईम करून दिलेले पैसे होते ते, मला आजही वाईट वाटतं. एजंट नकोच या कामात, लागतच नाही.

बरं, १००० वाला घ्यायचा की २००० वाला, यात लोक गोंधळतात. "आयुष्यभर" याचा नियमातला अर्थ आहे वयाच्या ८० वर्षांपर्यंत. आता हिशोब करा. माझा भाचा १७ चा, त्याने २००० भरले तर ६३ वर्षं मिळतात, म्हणजे वर्षाला साधारण ३२ रुपये पडले, आणि २० वर्षांचं घेतलं तर वर्षाला ५०, शिवाय सदतिसाव्या वर्षी पुन्हा रिन्यूअल आठवायचं, तेव्हा तो कुठं असेल, पुण्यात की अमेरिकेत, कोणाला माहीत. तर तरुण पोट्ट्यांनी डोळे झाकून आयुष्यभराचंच घ्यावं. चाळिशीच्या आसपास असाल तर पैसे सारखेच होतात, वीस अधिक वीस म्हणजे दोनदा हजार, पण एकदाच भरून मोकळं झालेलं बरं, मी स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी तेच केलं. आणि साठी ओलांडली असेल तर मात्र १००० वालंच घ्या. आमच्या गल्लीतले एक काका ६३ चे, रिटायर्ड, रेडिओचं जुनं वेड, ते दोन हजार भरायला निघाले होते, मी म्हटलं काका आयुष्यभराचं तुम्हाला १७ वर्षं मिळेल आणि साधं घेतलं तर २०, तेही अर्ध्या पैशात. त्यांनी कागदावर मांडून बघितलं आणि हसले.

परीक्षेकडे वळू. वय किमान १२ वर्षं हवं, बस, शिक्षणाची अट म्हणून कोणी घाबरायचं कारण नाही. ग्रेड दोन, रेस्ट्रिक्टेड आणि जनरल. रेस्ट्रिक्टेडला एक तासाचा १०० मार्कांचा लेखी पेपर, त्यात दोन भाग, एक रेडिओची थिअरी आणि दुसरा नियम-कायदे, प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलला पेपर मोठा आणि वरून मोर्स कोड, म्हणजे टिंब-रेघांच्या आवाजातून अक्षरं, मिनिटाला ८ शब्द, घ्यायचाही आणि पाठवायचाही. कॉलसाईनवरून ग्रेड कळतो, व्हीयू२ म्हणजे जनरल, व्हीयू३ म्हणजे रेस्ट्रिक्टेड. शॉर्टवेव्हवर रेस्ट्रिक्टेडला ५० वॅट आणि जनरलला ४०० वॅटपर्यंत पॉवर चालते. मी सगळ्यांना सांगतो आधी रेस्ट्रिक्टेड काढा, ५० वॅटमध्ये रात्री चाळीस मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, आरामात देशभर बोलणं होतं, मोर्स नंतर सावकाश शिका, नाहीतर मोर्सच्या भीतीने दोन दोन वर्षं अर्जच भरत नाहीत लोक.

आपल्या नागपूरकरांसाठी चांगली गोष्ट ही की नागपूर परीक्षा केंद्रांच्या यादीत आहे. नियमांत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई इथं दर महिन्याला आणि नागपूर, हैदराबाद, अहमदाबाद इथं दर दोन महिन्यांनी परीक्षा असं ठरलेलं आहे. म्हणजे मुंबईचं तिकीट, तिथलं राहणं, हा खर्च वाचला, जो फीच्या कितीतरी पट होतो. वर्धा, भंडारा, चंद्रपूर, अमरावतीच्या पोरांनीही केंद्र निवडताना नागपूरच टाकावं, सकाळच्या गाडीने यायचं आणि संध्याकाळी घरी. अर्ज भरताना केंद्राच्या यादीत नागपूर नीट बघून टिक करा, घाईघाईत पहिलंच नाव निवडलं जातं.

अभ्यासाला काय करायचं, तर दहावीचं फिजिक्स बऱ्यापैकी येत असेल तर महिना-दीड महिना पुरतो. ओहमचा नियम, कपॅसिटर-कॉईलचा रेझोनन्स, ट्रान्समीटर-रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम, एएम एफएम आणि सिंगल साईडबँड यातला फरक, अँटेना. अँटेनाचं एक गणित पाठच करा, हाफवेव्ह डायपोलची लांबी मीटरमध्ये म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ ला भागलं की वीस मीटर येतं, १४५ ला भागलं की जेमतेम एक मीटर. पेपरातही कामी येतं आणि गच्चीवर तार बांधतानाही, नागपुरातल्या महाल भागातल्या अरुंद घरांवर वीस मीटर सरळ मिळत नाही म्हणून आम्ही ती उलट्या व्हीसारखी मधे उंच बांधतो. नियमांच्या भागात क्यू-कोड, म्हणजे क्यू पासून सुरू होणारे तीन अक्षरी ठरलेले संकेत, येतात, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, क्यूआरएन म्हणजे विजेची-हवेची खरखर, क्यूटीएच म्हणजे ठिकाण. आणि काय करायचं नाही ते येतं, धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत, गुप्त भाषेत बोलायचं नाही, दर वेळी कॉलसाईन सांगायचा, लॉगबुक ठेवायचं. या भागाकडे पोरं दुर्लक्ष करतात आणि थिअरीत ७० टक्के घेऊन इथं अडकतात, कारण पास व्हायला दोन्ही भागांत वेगवेगळे मार्क लागतात.

आता प्रत्यक्ष फॉर्म आणि पैसे. सरल संचारवर आपलं खातं उघडा, मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका, कारण पुढची सगळी माहिती त्यावरच येते. फोटो, सही, आधार आणि जन्मतारखेचा पुरावा आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. नावाचं स्पेलिंग आधारवर आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर एकसारखं आहे का ते बघा, आपल्याकडे एका कागदावर नुसतं नाव-आडनाव आणि दुसऱ्यावर वडिलांचं नाव मधे असतं, त्यावरून अर्ज परत येतो. आधी ते दुरुस्त करा मग अर्ज करा, उलटं केलं तर वेळ जास्त जातो.

पैसे भरायच्या वेळी पोर्टल तुम्हाला भारतकोशवर नेतं, म्हणजे केंद्र सरकारची पैसे भरायची साईट. तिथं नेटबँकिंग, कार्ड वगैरे चालतं. पूर्वी यासाठी दिल्लीच्या नावाने डिमांड ड्राफ्ट काढावा लागायचा, त्याच्या जुन्या माहितीवर अजूनही काही लोक बँकेत रांग लावतात, आता ती गरज नाही. पैसे कटले आणि पेज अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. भारतकोशवर व्यवहाराचं स्टेटस बघता येतं, ते बघा, एखादा दिवस थांबा. माझ्या वेळी मी घाबरून दोनदा भरले होते आणि जास्तीचे परत मिळवायला जो पत्रव्यवहार करावा लागला तो परीक्षेपेक्षा अवघड होता. पावतीचा पीडीएफ डाउनलोड करून स्वतःला ईमेल करून ठेवा, प्रिंटही काढा.

लायसनच्या अर्जात पत्ता टाकताना भाड्याने राहणाऱ्यांनी विचार करा, कारण स्टेशन त्या पत्त्याला जोडलेलं असतं, घर बदललं की कळवून पत्ता बदलून घ्यावा लागतो. हॉस्टेलवाल्या पोरांनी गावच्या घराचा पत्ता टाकायचा की नागपूरचा, हे सेट कुठं ठेवणार त्यावर ठरवा.

थोडं त्यांच्यासाठी ज्यांना हॅम व्हायचंच नाही, नुसते वॉकीटॉकी पाहिजेत, लॉनवाले, केटरर, इव्हेंटवाले. हॅमचं लायसन तुमच्या कामाचं नाही, त्यावर धंदा चालत नाही. तुमच्यासाठी २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा विनालायसन खुला आहे, कमी पॉवरचे आणि सरकारी मान्यता असलेले सेट असतील तर फी शून्य. पण ऑनलाइन जे सेट सर्रास दिसतात त्यातले बरेच या पट्ट्याबाहेरही बोलतात, म्हणूनच २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्री करणाऱ्या साईट्सना नोटिसा दिल्या आणि नियमावली काढली. घेण्याआधी फ्रिक्वेन्सी वाचा, डब्यावर किंवा साईटवर लिहिलेली नसेल तर घेऊ नका. यापेक्षा मोठा पल्ला हवा असेल, जसं सिक्युरिटी एजन्सी किंवा कोळसा खाणीचं काम, तर स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते आणि तिथं मग दरवर्षी आगाऊ रॉयल्टी बसते, एम गुणिले डब्ल्यू गुणिले सी. एम ठरतो अंतरावरून, डब्ल्यू बँडविड्थवरून आणि सी म्हणजे चॅनेल किती, आणि दोन्हीकडून वेगळी फ्रिक्वेन्सी वापरणारी डुप्लेक्स जोडी असेल तर ती दोन धरली जाते. म्हणून गरज पाच किलोमीटरची असेल तर पंचवीसची मागू नका, एका सिम्प्लेक्स चॅनेलवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलून, भागत असेल तर जोडी मागू नका, बिल तिथंच निम्म्यावर येतं.

पायलट होणाऱ्या पोरांचंही विचारून झालंय, तर विमानातल्या रेडिओचं आरटीआर सर्टिफिकेट पूर्ण वेगळं आहे, ते काम नव्या विमान कायद्याने, जो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, दूरसंचार विभागाकडून डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे, गेलंय. हॅमचा कागद तिथं चालत नाही.

कोणी म्हणेल मोबाईलच्या जमान्यात हे कशाला. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, लाईट गेली, ज्यांचे फोन पाण्यात गेले ते घरातच अडकले. मी त्या रात्री बॅटरीवर सेट लावून बसलो होतो आणि माझ्या पट्ट्यात बोलणारे मोजून तीन जण होते. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात हॅम लोकांनी निरोप पोचवले होते, ते कागदावर तयार असलेले, सराव असलेले लोक होते म्हणून जमलं.

भाच्याने शेवटी सेट मागवला नाही, त्या रात्री सरल संचारवर खातं उघडलं आणि केंद्र नागपूर टाकलं. रोज संध्याकाळी अर्धा तास येतो, सध्या रेझोनन्सवर अडलाय.