अ‍ॅसिटोनायट्राइल टाळून रंगद्रव्याचा सौरघट

रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटाच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (दोन काचांमधल्या, विद्युतभार वाहून नेणाऱ्या द्रवात) अ‍ॅसिटोनायट्राइल हा विद्रावक रूढ आहे. तो विषारी आहे आणि ८२ अंशांना उकळतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की सीलमधल्या बारीक फटीतूनही तो उडून जातो.

काचेवरील थरासाठी ६ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड खलात घेऊन त्यात पाणी घातलेले पांढरे व्हिनेगर (सामू ३ ते ४) एकेक मिलीलिटर करत, एकूण सुमारे ९ मिलीलिटर, घोटावे. भांडी धुण्याच्या रंगहीन साबणाचा एक थेंब टाकावा. वाहक काचेच्या (एका बाजूवर वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या काचेच्या) वाहक बाजूच्या कडांना सेलोटेप लावून काचेच्या कांडीने लेप ओढावा आणि तो वाळल्यावर टेप काढून ४५० अंशांवर ३० मिनिटे भाजावा.

रंगासाठी लाल अंबाडीच्या बोंडांवरची वाळलेली आवरणे १० ग्रॅम घेऊन, निम्मे पाणी व निम्मे इथेनॉल अशा १०० मिलीलिटर द्रावणात लिंबू पिळून, रात्रभर झाकून ठेवावीत. मेथॅनॉलची गरज नाही. भाजलेली काच कोमट असतानाच गाळलेल्या रंगात बुडवावी.

खरी कसोटी इलेक्ट्रोलाइटची. कोलीन क्लोराइड आणि युरिया १:२ मोल प्रमाणात (वजनाच्या नव्हे, रेणूंच्या संख्येच्या) मिसळले की दोन कोरड्या पावडरींचा द्रव होतो, म्हणून मी आधी तेच केले. पण हे मिश्रण किंचित अल्कधर्मी असते आणि अंबाडीची लाल काच जांभळट पडली. (खताचा युरिया तर नकोच, कारण त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो.) युरियाऐवजी ग्लिसरीन घ्यावे: १४ ग्रॅम कोलीन क्लोराइड आणि १८.४ ग्रॅम ग्लिसरीन ८० अंशांवर निवळ होईपर्यंत ढवळावे. त्यातील २० मिलीलिटरमध्ये १.६६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि ०.२५ ग्रॅम आयोडीन विरघळवावे. हा द्रव दाट असल्याने आयोडाइडची ये-जा मंदावते व प्रवाह कमी मिळतो, मात्र तो तापला की पातळ होतो, त्यामुळे आपला उन्हाळा इथे थोडा उपयोगी पडतो.

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर पेन्सिलीचे ग्राफाइट घासावे, दोन्ही काचा क्लिपांनी जोडून मध्ये दोन थेंब सोडावेत आणि उन्हात मल्टीमीटर लावावा, ०.३ ते ०.५ व्होल्ट दिसले म्हणजे घट लागला. उरलेल्या द्रावणात क जीवनसत्त्वाची गोळी कुटून टाकावी आणि आयोडीनचा तपकिरी रंग जाईपर्यंत ते मोरीत ओतू नये.