संगणकाचा आवाज कमी होत नाही? केबल बदलण्याच्या आधी या चुका टाळा

होम थिएटरच्या संगणकाला ऑप्टिकल किंवा एचडीएमआय केबलने रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर) जोडावा, चित्रपट लावावा, आणि कीबोर्डवरचे बटण कितीही दाबले तरी आवाज तसूभरही कमी होऊ नये, असे झाले की पहिला संशय केबलवर जातो. मीही एकदा याच संशयापायी दादरहून लॅमिंग्टन रोड गाठून नवी ऑप्टिकल केबल आणली होती, आणि आवाज अर्थातच होता तिथेच राहिला. केबल खराब असती तर आवाज तुटक आला असता किंवा बंदच पडला असता. डिजिटल केबलमुळे तो नुसता मोठा राहत नाही.

खरे कारण ‘पासथ्रू’ हे असते. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या सांकेतिक रूपांतला अनेक स्पीकरांचा आवाज या पद्धतीने पाठवताना संगणक तो उलगडतच नाही, तर पोस्टमनने बंद पाकीट पोहोचवावे तसा रिसीव्हरच्या हवाली करतो. आवाज कमी करणे म्हणजे ध्वनीच्या प्रत्येक नमुन्याच्या आकड्याला एकाहून लहान संख्येने गुणणे; पण पाकिटात नमुने नसून सांकेतिक माहिती असते, आणि तिला गुणले तर रिसीव्हरला ती ओळखताच येणार नाही. डीटीएस सीडीवरून घेतलेली वेव्ह फाइल संगणकाला साधा आवाज वाटते. तिच्यासाठी स्लायडर १०० वरून थोडा खाली आणला, तर संगीताऐवजी कानठळ्या बसवणारी खरखर ऐकू येते. तेव्हा पासथ्रूमध्ये बटण निकामी होणे हा बिघाड नाही.

हे कळल्यावर बरेच जण पासथ्रू बंद करून मोकळे होतात, आणि इथे दुसरी चूक घडते. ऑप्टिकल केबलवरून साधा पीसीएम आवाज (म्हणजे उलगडलेले नमुने) फक्त २ चॅनेलचा जातो, त्यामुळे बटण चालू लागते, पण मागचे स्पीकर मुके होतात. एचडीएमआयवर ही अडचण नाही, कारण तिच्यावरून ८ चॅनेलपर्यंत पीसीएम जाऊ शकतो. मात्र तिथेही संगणकाचा स्लायडर अगदी खाली ठेवून रिसीव्हर चढवण्याची सवय वाईट. सुमारे ६ डेसिबल आवाज उतरवला की एका बिटाइतका तपशील जातो. म्हणजे १६ बिटांच्या आउटपुटवर २४ डेसिबल उतरवल्यास जेमतेम १२ बिट हाती राहतात. विंडोजमध्ये आउटपुट २४ बिटांवर ठेवल्यास हा तोटा कानाला जाणवण्याजोगा राहत नाही. लिनक्सवर अल्सामिक्सर या आवाजाच्या नियंत्रण-पटलामध्ये डिजिटल आउटपुटसमोर बहुधा केवळ चालू-बंदची सोय दिसते. स्लायडर हवाच असेल तर ‘सॉफ्टव्हॉल’ हा सॉफ्टवेअरनेच आवाज कमी करणारा भाग जोडावा लागतो.

माझ्या मते या सगळ्यापेक्षा संगणक कायम १०० वर ठेवून आवाजाचा ताबा रिसीव्हरकडे द्यावा. दोन रिमोट नकोत म्हणून बटण एचडीएमआय-सीईसीवर (एचडीएमआय केबलवरूनच एका उपकरणाने दुसऱ्याला आज्ञा देण्याच्या सोयीवर) टाकायचे असेल, तर संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांत ती सोय सहसा नसते, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात ती असते. इतरांसाठी सीईसीचा यूएसबी अडॅप्टर किंवा दुसऱ्या रिमोटच्या खुणा शिकणारा रिमोट हे पर्याय आहेत.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून प्लेअरचा आवाज १०० टक्क्यांच्या वर नेणेही टाळावे, कारण त्याने लाटेचे माथे कापले जाऊन आवाज फाटतो. आधी रिसीव्हरच्या मांडणीत नसलेला सेंटर स्पीकर ‘आहे’ असा नोंदलेला नाही ना, हे तपासावे. तसे असल्यास संवाद त्या रिकाम्या जागीच जात असतात. रात्रीसाठी रिसीव्हरचा ‘नाइट मोड’ वापरावा. डॉल्बी डिजिटलच्या प्रवाहातच मोठे आवाज दाबण्याच्या सूचना असतात, त्यामुळे पासथ्रू चालू असतानाही तो काम करतो. भिंतीला भिंत असलेल्या आपल्या इमारतींत, जिथे नियमानुसार निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तिथे या बटणाचे मोल मोठे आहे.

एक गोष्ट मात्र राहून जाते. चित्रपट हळू आवाजाचा असला की रिसीव्हर बराच चढवलेला असतो; तो संपून पासथ्रू सुटला, की १०० वर असलेल्या संगणकाची एखादी सूचना त्याच जोरात वाजते. विंडोजच्या ध्वनी-सेटिंगमध्ये ‘नो साउंड्स’ निवडावे आणि ब्राउझरच्या सूचनाही बंद कराव्यात. आमच्याकडे हे सुचले ते रात्री साडेअकराला खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवल्यानंतर.