रॅन्समवेअर शिरलं? घाईत या चुका टाळा

फोटोंच्या नावापुढे कधी न पाहिलेलं शेपूट चिकटलंय, प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल पडलीय आणि तिच्यात बिटकॉइनची मागणी आहे: रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, शिरलाय. अशा वेळी बहुतेक जण आधी अँटिव्हायरस चालवतात, मग वैतागून फॉरमॅट मारतात आणि फाइल्स परत कशा मिळतील हे सगळ्यात शेवटी शोधायला बसतात. तोवर सुटकेचे एक-दोन मार्ग त्यांनी स्वतःच्याच हातानं बंद केलेले असतात. रॅन्समवेअर काढणं हे एक काम आणि फाइल्स उघडणं हे दुसरं. अँटिव्हायरस चोराला घराबाहेर काढतो. कपाटाला त्यानं घातलेलं कुलूप तसंच राहतं.

सवयीनं रीस्टार्ट करणं

आधी नेटवर्कची केबल उपटा, वायफाय बंद करा, लावलेले पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क काढा. दुसऱ्या उपकरणावरून क्लाउडचं सिंक थांबवा. फाइल्सची नावं अजूनही डोळ्यांदेखत बदलत असतील, तर कॉम्प्युटर हायबरनेट करा (मेमरीतलं सगळं डिस्कवर जपून बंद करणं). तो पर्याय नसेल तर पॉवर बटण दाबून धरा. सगळं आधीच लॉक होऊन गेलं असेल, तर मशीन नेटवर्कपासून तोडून तसंच चालू राहू द्या.

रीस्टार्ट का नको? काही वेळा फाइल्स उघडणाऱ्या किल्लीचे अवशेष मेमरीत शिल्लक असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ वरच्या काही मशीन्सच्या फाइल्स 'वॉनाकिवी' या साधनानं सुटल्या, पण रीस्टार्ट न झालेल्या मशीन्सच्याच.

धमकीची चिठ्ठी आणि लॉक फाइल्स उडवून टाकणं

ती चिठ्ठी ठेवा. तिच्यातला आयडी, म्हणजे तुमच्या मशीनची ओळखखूण, लागतो आणि काही डिक्रिप्टर (लॉक फाइल्स सोडवणारे प्रोग्रॅम) तिच्याशिवाय चालतच नाहीत. पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, क्लोनझिला या साधनानं रिकाम्या हार्ड डिस्कवर घ्या. तेवढी जागा नसेल तर निदान चिठ्ठी आणि महत्त्वाच्या लॉक फाइल्स कॉपी करून ठेवा. आज उपाय नसला तरी पुढे निघू शकतो: टेस्लाक्रिप्ट या रॅन्समवेअरवाल्यांनी मे २०१६ मध्ये मास्टर किल्ली स्वतःहून दिली, 'शेड'वाल्यांनी एप्रिल २०२० मध्ये साडेसात लाखांच्या आसपास किल्ल्या जाहीर केल्या. ज्यांनी लॉक फाइल्स कचऱ्यात टाकल्या होत्या, त्यांना त्याचा काय उपयोग?

हाती लागेल तो डिक्रिप्टर चालवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. आधी रॅन्समवेअरची जात ओळखा. 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर दोन लॉक फाइल्स आणि चिठ्ठी चढवली की ते साधारण ओळख पटवतं आणि डिक्रिप्टर असल्यास तिथूनच मिळतो. युरोपोल, डच पोलीस, कॅस्परस्की आणि इंटेल सिक्युरिटी यांनी जुलै २०१६ मध्ये तो उपक्रम सुरू केला. हे काम दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवरून करा आणि चढवायला खाजगी कागदपत्रं निवडू नका. व्हिडिओखालच्या लिंकवरून 'हमखास डिक्रिप्टर' उतरवणं हा शुद्ध जुगार आहे. २०२० मध्ये 'झोराब' नावाचं रॅन्समवेअर स्टॉप-डीजेव्हीयू या दुसऱ्या रॅन्समवेअरचा डिक्रिप्टर म्हणून फिरत होतं. आधीच लॉक असलेल्या फाइल्सवर ते आणखी एक कुलूप घालायचं.

स्टॉप-डीजेव्हीयूबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण घरगुती कॉम्प्युटरवर क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर तेच फार आलेलं आहे. त्याला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं तर प्रत्येक मशीनसाठी वेगळी, ऑनलाइन किल्ली मिळते. बोलता आलं नाही तर ते स्वतःमध्येच बसवलेली ऑफलाइन किल्ली वापरतं. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी 'टी१' (t1) असेल तर किल्ली ऑफलाइन समजा आणि एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीच्या डिक्रिप्टरकडून आशा धरा. नव्या जातींच्या ऑनलाइन किल्लीला मात्र उपाय नाही, कोणी कितीही खात्री दिली तरी.

तरीही एक फट उरते. हे रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा जेमतेम १५० केबी भागच लॉक करतं. लहान वर्ड फाइल त्यात पूर्ण जाते, पण मोठा व्हिडिओ बहुतांशी शाबूत असतो आणि दुरुस्ती साधनानं अनेकदा चालू करता येतो. झिप फाइलमधल्या सुरुवातीच्या एक-दोन फाइल्स गेल्या तरी बाकीच्या निघू शकतात.

डिक्रिप्टर कोणताही असो, आधी कॉपी केलेल्या पाच-दहा फाइल्सवर चालवून बघा आणि त्या खरंच उघडतात का ते तपासा. नुसतं एक्स्टेन्शन, म्हणजे नावापुढचं शेपूट, बदलून काही होत नाही.

रॅन्समवेअर काढण्याआधीच फाइल्स सोडवायला घेणं

स्टॉप-डीजेव्हीयू विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सोयीत) 'टाइम ट्रिगर टास्क' नावाची नोंद घालतं आणि ठरावीक वेळानं पुन्हा जागं होतं. त्यामुळे सुटलेल्या फाइल्स थोड्या वेळात परत लॉक होतात. विंडोज सिक्युरिटीत 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' आहे (डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस). मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. इमेज घेऊन झाल्यावरच ही पायरी. आमच्या मते, इमेज हातात असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या यूएसबीवरून विंडोज नव्यानं टाकणंच बरं. सुरक्षेच्या साइट्स उघडत नसतील तर 'होस्ट्स' फाइल (कोणती साइट कुठे उघडायची हे ठरवणारी विंडोजची फाइल) पाहा. त्या साइट्स तिथे अडवलेल्या सापडतात.

स्टॉप-डीजेव्हीयूबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही वारंवार येतो. म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून, आणि सगळीकडून लॉगआउट करा. चोरलेल्या कुकीजवर (ब्राउझरनं जपलेल्या लॉगिनच्या खुणांवर) चालू असलेली लॉगिन नुसता पासवर्ड बदलून नेहमीच बंद होतात असं नाही.

रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं

रॅन्समवेअर बहुधा शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजनं ठेवलेल्या फाइल्सच्या जुन्या प्रती, पुसतं. पण त्याला अ‍ॅडमिनचा अधिकार मिळाला नसेल तर त्या वाचतात. शॅडोएक्सप्लोररनं पाहून घ्या. काही जाती मूळ फाइल डिलीट करून तिच्या जागी लॉक केलेली प्रत ठेवतात. तिथे साध्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेल्या फाइल्स शोधणारं फोटोरेक चालू शकतं. एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेली जागा पुसून टाकणारी सोय) चालू असल्यानं आशा कमीच. दोन्ही साधनं यूएसबीवरून चालवा, सापडलेलं बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

पैसे भरून मोकळं होणं

किल्ली मिळेलच याची हमी नसते. जून २०१७ च्या नॉटपेट्या हल्ल्यात चिठ्ठीतला आयडी निव्वळ यादृच्छिक होता, त्यामुळे पैसे घेणाऱ्यालाही फाइल्स सोडवता आल्या नसत्या.

कायम लावलेल्या डिस्कला बॅकअप म्हणणं

ड्राइव्हला अक्षर मिळालं की रॅन्समवेअरलाही ती दिसते. सिंकचंही तसंच, लॉक झालेली फाइल इमानेइतबारे क्लाउडवर पोहोचते. जुन्या आवृत्त्या काही काळ असतात, गूगल ड्राइव्हवर साधारण ३० दिवस. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर संपूर्ण वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेवर मागे नेता येतो. पण महिनाभर कोणी बघितलंच नाही तर संपलं. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर. आणि दोन डिस्क आलटून पालटून वापरा, म्हणजे एक कायम काढलेली राहते. महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या दहा फाइल्स उघडून बघा.

'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' बंदच ठेवणं

अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरमधल्या फाइल्स बदलू न देणारी ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे, पण मुळात बंद असते. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन. चालू केल्यावर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे आपोआप येतात, पण डी ड्राइव्हवरचे फोल्डर स्वतः जोडावे लागतात. सुरुवातीला एखादा चांगला प्रोग्रॅमही सेव्ह करताना अडतो. वैतागून सगळंच बंद करण्याऐवजी ब्लॉक हिस्टरीत जाऊन तेवढ्याच प्रोग्रॅमला परवानगी द्या. दुसरा अँटिव्हायरस टाकून डिफेंडर झोपवला असेल, तर मात्र हे कुंपण उभंच राहत नाही.