नवी लाइन टाकली, आणि आरसीसीबी सारखा पडतोय?

उन्हाळा लागला की आपल्याकडं परभणी-नांदेडात कूलरसाठी वेगळी लाइन ओढून घेतात. बटन दाबलं की आरसीसीबी (करंट कुठं गळाला की लाइन तोडणारा स्विच) खट्कन खाली, आणि दोष येतो कूलरवर. जरा थांबा. कूलर काढा आणि त्याच प्लगला 60 वॅटचा पिवळा बल्ब लावून बघा.

बल्बवरही पडला, तर बहुतेक न्यूट्रलची गडबड आहे. आरसीसीबी फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परत आलेला करंट जुळतो का, एवढंच बघतो. वायरमननं घाईत नव्या लाइनचा न्यूट्रल जवळच्या जुन्या बोर्डात किंवा इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला जोडला, तर करंट दुसऱ्याच वाटेनं परततो. हा बल्ब साधारण 260 मिलिअँपिअर ओढतो, आणि घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाच्या आतच पडतो. मेन बंद करून तो न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रल पट्टीवर घ्यायला लावा. तो कुठं अर्थला टेकत नाही ना, हेही तपासून घ्या.

बल्ब नीट जळला आणि फक्त कूलरवर पडला, तर पाण्यातला पंप बघा. वर्षभर माळ्यावर पडलेल्या पंपाची वायर बुडाशी तडकलेली असते.

आरसीसीबी ऐवजी एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) पडत असेल, तर गोष्ट वेगळी: ओव्हरलोड, शॉर्ट किंवा मोटार सुरू होतानाचा जादा करंट.

काहीही झालं तरी आरसीसीबी बायपास करू देऊ नका. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, आणि लेकरं अनवाणी फिरतात.